इंजेक्शन कोठे टोचू नये, हेही कार्डावर लिहावे

प्रति,
मा. संपादक,
सांगली

विषय : कर्करोगाच्या रुग्णांच्या प्लेटलेट्स कमी झालेल्या असताना औषध कोणत्या मार्गाने द्यावे व कोणत्या मार्गाने देऊ नये, याच्या मराठीतील लेखी सूचनांबाबत

महोदय,

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात डेंग्यूच्या आणि त्यापाठोपाठ प्लेटलेट्सच्या टंचाईच्या बातम्या येऊ लागतात. त्या बातम्यांमुळे ‘प्लेटलेट्स’ हा शब्द आटपाडीपासून शिराळ्यापर्यंत घराघरांत पोहोचला आहे आणि रक्ताच्या रिपोर्टवर लोक सर्वांत आधी तोच आकडा शोधतात. मात्र ज्यांच्या प्लेटलेट्स कोणतीही साथ नसताना, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, जवळजवळ ठरल्या दिवशी खाली येतात, त्या केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांविषयी फारसे लिहिले जात नाही. मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांत ३४ वर्षे काम करून परिसेविका या पदावरून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत जे कधी कागदावर मांडावेसे वाटले नाही, ते गेल्या वर्षी स्वतःच्या घरात घडले तेव्हा लिहिलेच पाहिजे असे वाटले, म्हणून हे पत्र.

माझी धाकटी जाऊ खानापूर तालुक्यातील एका गावात राहते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी तिला शहरातील एका रुग्णालयात कार्बोप्लॅटिन आणि जेमसिटाबिन ही औषधे सुरू होती. २१ दिवसांच्या फेरीत पहिल्या आणि आठव्या दिवशी सलाईनमधून औषध घ्यायचे आणि बाकीचे दिवस गावी काढायचे, असा क्रम होता. दुसऱ्या फेरीत आठव्या दिवसाचे औषध झाल्यावर तिला ‘पेशी वाढवण्याची’ काही इंजेक्शने घरीच घ्यायला दिली होती आणि ती गावातील नर्सबाईंनी व्यवस्थित दिली. चौदाव्या-पंधराव्या दिवशी तिची कंबर आणि मांड्यांची हाडे इतकी ठणकू लागली की तिला बसवेना. पुतण्याने तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आपुलकीने तपासले, शेतात कष्ट करणाऱ्या बाईची कंबर धरली आहे असे समजून खुब्यात डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले आणि पैसेही घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत टोचलेली जागा टणक झाली, रात्री ती नारळाएवढी फुगली आणि पहाटे खुब्यापासून गुडघ्याच्या मागपर्यंत पाय काळानिळा पडला होता. सकाळी रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट्स १४,००० होत्या.

निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत प्लेटलेट्स असतात, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. त्या आठ-दहा दिवसच जगतात, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. केमोथेरपीचे औषध अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या आतला, प्लेटलेट्स बनवणारा कारखाना काही काळ बंद पाडते, पण रक्तात आधीपासून फिरत असलेला माल संपेपर्यंत आकडा खाली आलेला दिसत नाही. म्हणूनच औषध घेऊन घरी परतलेला रुग्ण पहिला आठवडा बरा असतो, आणि साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, कार्बोप्लॅटिनसारख्या औषधात तर कधी तिसऱ्या आठवड्यात, प्लेटलेट्स तळाला जातात. केमो मिरजेत, कराडात, कोल्हापुरात किंवा मुंबईला टाटामध्ये होते. प्लेटलेट्स उतरतात त्या जतमध्ये, दहिवडीत, वडूजमध्ये, पाटणच्या खोऱ्यात. ज्या दिवशी रुग्णाला सर्वाधिक जपायचे असते, त्या दिवशी तो कर्करोगतज्ज्ञांच्या समोर नसतो. त्या दिवशी त्याच्यासमोर गावातला डॉक्टर, उपकेंद्रातली सिस्टर, आशाताई किंवा औषधाच्या दुकानातला मुलगा असतो.

खुब्यात किंवा दंडात इंजेक्शन दिले की सुई स्नायूत खोलवर जाते. स्नायू रक्ताने भरलेला असतो आणि आतली फुटलेली केशवाहिनी आपल्याला वरून दाबता येत नाही. प्लेटलेट्स पुरेशा असतील तर ती छिद्रे दोन-तीन मिनिटांत बुजतात. त्या १५,०००-२०,००० वर आलेल्या असतील तर रक्त आत झिरपत राहते, स्नायूच्या पडद्यात साठते, नसा दाबते आणि पुढे तेथे पूही होऊ शकतो. त्यात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके शिल्लक असलेल्या प्लेटलेट्सनाही काही तास कामावरून उठवतात. अ‍ॅस्पिरिन तर ज्या प्लेटलेटला बाधते ती मरेपर्यंत निकामी राहते. म्हणजे माझ्या जावेच्या बाबतीत औषध चुकीचे होते आणि त्याची वाटही चुकीची होती. तिला पॅरासिटामॉलची गोळी तोंडाने दिली असती तरी चालले असते. अर्थात त्यापूर्वी थर्मामीटर लावून ताप नाही याची खात्री करायला हवी होती, कारण केमोच्या रुग्णाला ताप असेल तर तो पॅरासिटामॉलखाली झाकून घरी थांबणे हा त्याहून मोठा धोका आहे.

मी गावातल्या डॉक्टरांना दोष देत नाही, आणि हे मी घरच्या मंडळींनाही सांगितले. त्यांच्या हातात दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर काय होते, ते मी स्वतः वाचले आहे. आजाराचे नाव, औषधांची नावे, मिलिग्रॅममधील मात्रा, ‘एकवीस दिवसांनी सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) घेऊन यावे’ अशा अर्थाची एक ओळ, आणि हे सगळे इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. प्लेटलेट्स कधी उतरतील, त्या उतरल्यावर काय द्यायचे नाही, कोणत्या वाटेने द्यायचे नाही, यातला एक शब्दही त्यावर नव्हता. आम्हाला परिचर्येच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी घोकून घेतले जाते की योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग या पाच गोष्टी पाहिल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. पहिल्या चार गोष्टी कार्डावर येतात. मार्ग मात्र इंजेक्शनच्या नावापुढे दोन इंग्रजी अक्षरांत उरकला जातो आणि तोही रुग्णालयात दिलेल्या औषधांपुरताच. गावात पुढे दिल्या जाणाऱ्या औषधांविषयी कार्ड गप्प असते.

‘पेशी वाढवण्याचे इंजेक्शन’ हा शब्दप्रयोगही या गोंधळाला कारण आहे. पहाटे फोन आला तेव्हा पुतण्या मला म्हणाला, “काकू, पण पेशी वाढायचं इंजेक्शन दिलं होतं की, मग प्लेटलेट कशा कमी झाल्या?” त्याचा प्रश्न बरोबर होता. फिल्ग्रॅस्टिम नावाचे ते औषध पांढऱ्या पेशी वाढवते. प्लेटलेट्सशी त्याचा संबंध नाही. इतकेच नव्हे, तर अस्थिमज्जा जोराने कामाला लागल्यामुळे कंबर, मांड्या आणि छातीचे हाड दुखणे हा त्याच औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. जावेची कंबर बहुधा त्यामुळेच दुखत होती. रुग्णालयात कोणी एका वाक्यात एवढे सांगितले असते की ‘हाडे दुखतील, घाबरू नका, दुखण्यासाठी इंजेक्शन घेऊ नका’, तर पुढचे काही घडले नसते. सांगणाऱ्यांनी ‘पांढऱ्या पेशींचे इंजेक्शन’ असे पूर्ण म्हणण्याची सवय लावून घ्यावी, ही माझी माझ्या व्यवसायातील भगिनींनाही विनंती आहे.

आता मार्गांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ही माहिती मराठीत सहज मिळत नाही.

तातडीचा आणि लगेच फळ देणारा मार्ग शिरेचा आहे, म्हणजे प्लेटलेट्सची पिशवी चढवणे. येथे नातेवाइकांचा पहिला वाद आकड्यावरून होतो. रिपोर्टवर २२,००० दिसले की ‘अजून पिशवी का लावत नाही’ म्हणून वॉर्डात आवाज चढतो. मी असे प्रसंग कितीतरी निभावले आहेत. रक्तस्राव नसेल, ताप नसेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्यावरच प्लेटलेट्स देतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर बरेच डॉक्टर २०,००० ला देतात, आणि मोठी शस्त्रक्रिया करायची असेल तर ५०,००० च्या वर आकडा असावा लागतो. रक्त वाहत असेल तर मात्र आकड्याची वाट पाहायची नसते. गरज नसताना वारंवार पिशव्या लावल्या, तर काही रुग्णांच्या शरीरात परक्या प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि खरी वेळ येते तेव्हा चढवलेली पिशवी तासाभरात वाया जाते. डॉक्टर थांबले आहेत ते कंजूषपणाने नव्हे, एवढे तरी नातेवाइकांनी लक्षात घ्यावे.

रक्तदानाच्या एका पिशवीतून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्सची पिशवी ५०-७० मिलिलिटरची असते आणि तिने मोठ्या माणसाचा आकडा ५,००० ते १०,००० ने वाढतो. एकाच दात्याला यंत्राशी जोडून घेतलेल्या, म्हणजे ज्याला सर्वजण एसडीपी म्हणतात, त्या पिशवीने ३०,००० ते ५०,००० ने वाढतो. एसडीपीसाठी दाता तास-दीड तास खुर्चीत बसू शकणारा, ठळक शिरांचा आणि स्वतःच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असणारा लागतो, शिवाय त्याने आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेले नसावे. आमच्या गावातून एका फोनवर सहा पोरे जीप करून आली, हे मी अभिमानाने लिहिते. त्यांतल्या दोघांना मात्र परत पाठवावे लागले, कारण एकाने आदल्या दिवशी डोकेदुखीसाठी टपरीवरून अ‍ॅस्पिरिनची गोळी घेतली होती आणि दुसऱ्याच्या शिरा मिळेनात. हे निकष गावातच फोनवर विचारून घेतले असते तर दोन माणसांचा दिवस वाचला असता.

दुसरी गोष्ट बर्फाची. रक्त म्हटले की बर्फ, असे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के आहे. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवतात, हे खरे आहे. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांत, सतत हलत्या फळीवर ठेवतात आणि त्या फक्त पाच दिवस टिकतात. थंडी लागली की त्यांचा आकार बदलतो आणि शरीरात गेल्यावर त्या फार काळ राहत नाहीत. त्या सकाळी रुग्णालयाच्या दारात मी एका गृहस्थांना थर्मोकोलच्या डब्यात बर्फाचे खडे टाकून त्यात प्लेटलेट्सची पिवळसर पिशवी घट्ट बसवताना पाहिले. शेजारच्या आइस्क्रीमच्या दुकानातून त्यांनी धावपळ करून तो बर्फ आणला होता. रक्तकेंद्रातून पिशवी हातात देताना तोंडी सूचना दिली असेलही; पण पत्नी आत अत्यवस्थ असताना तोंडी सूचना कोणाच्या लक्षात राहते? पिशवी उन्हातून किंवा मोटारीच्या तापलेल्या काचेखालून न्यायची नाही, बर्फात ठेवायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही आणि पोहोचल्यावर रेंगाळत न ठेवता अर्ध्या ते एका तासात चढवून संपवायची, एवढे मराठीत छापलेले एक चिकटपत्र त्या पिशवीवर सहज लावता येईल.

आणि टंचाईचा विषय निघालाच आहे म्हणून एक आगाऊपणा करते. आपल्याकडे रक्तदानाची शिबिरे गणेशोत्सवात, जयंतीला आणि नेत्यांच्या वाढदिवसाला एकदमच होतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकत असल्याने त्यांचे त्यात भागते. पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट्सना मात्र वाढदिवसाचा उपयोग फक्त त्याच आठवड्यात. मंडळांनी शिबिरे वाटून घेतली आणि चार-चार निवडक तरुणांची नावे एसडीपीसाठी रक्तकेंद्राकडे नोंदवून ठेवली, तर हारतुऱ्यांत काही उणे पडणार नाही.

दुसरा मार्ग कातडीखालचा. रोमिप्लोस्टिम नावाचे औषध आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देतात. ते अस्थिमज्जेला नव्या प्लेटलेट्स तयार करायला लावते. हे औषध मुळात वेगळ्या आजारासाठी आले. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेट्स नष्ट करते, त्या आयटीपीसाठी त्याला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. केमोमुळे प्लेटलेट्स दीर्घकाळ खाली राहून उपचारच अडून बसतात तेव्हा कर्करोगतज्ज्ञ विचारपूर्वक ते वापरतात. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, रुग्णाच्या वजनावर आणि दर आठवड्याच्या आकड्यावर ठरते. पावडर विरघळवल्यावर द्यायचे द्रव इतके थोडे असते की बारीक रेघांच्या सिरिंजशिवाय ते मोजता येत नाही, आणि कुपी हलवून फेसाळायची नसते, हळूच फिरवायची असते. हे औषध मात्र २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच पिशवीत इंजेक्शनला थंडी हवी आणि प्लेटलेट्सना नको, अशी परिस्थिती येते. गोंधळ होणार नाही तर काय. भारनियमनाच्या गावात फ्रिजच्या दारात ठेवलेली कुपी किती वेळ थंड राहिली, हे कोणी पाहिलेले नसते.

प्लेटलेट्स कमी असतानाही कातडीखाली इंजेक्शन देता येते, कारण तेथे सुई बारीक असते आणि रक्त आले तरी बोटाने दाबून थांबवता येते. अट एवढीच की जागा दर वेळी बदलायची, टोचल्यावर चोळायचे नाही आणि कापसाचा बोळा घड्याळ लावून किमान पाच मिनिटे दाबून धरायचा. चोळण्याची आपल्या लोकांना फार हौस. खुब्यातले इंजेक्शन चोळतात म्हणून पोटावरचेही चोळतात आणि दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा निळा डाग घेऊन येतात. शिरेतून रक्त काढल्यावरही हाच नियम आहे. शीर मिळत नाही म्हणून दोन्ही हातांवर सहा ठिकाणी टोचण्यापेक्षा पहिल्याच वेळी अनुभवी हात बोलवावा. ज्यांना गुठळीसाठी हेपरिनच्या जातीची रक्त पातळ करणारी इंजेक्शने पोटात सुरू आहेत, त्यांनी आकडा ५०,००० च्या खाली येताच पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना फोन करावा, कारण तेथे मात्रा कमी करण्याचा किंवा औषध थांबवण्याचा निर्णय असतो आणि तो घरी घ्यायचा नसतो.

तिसरा मार्ग तोंडाचा, आणि तो सर्वांना सोपा वाटतो. रोमिप्लोस्टिमच्याच कामाची एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी आहे. तिलाही २००८ मध्ये आयटीपीसाठी आणि पुढे २०१४ मध्ये अस्थिमज्जा सुकण्याच्या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. केमोच्या रुग्णाला ती द्यायची की नाही, हा सर्वस्वी तज्ज्ञांचा निर्णय आहे. मला येथे सांगायचे आहे ते तिच्या वाटेतील अडथळ्याविषयी. ही गोळी कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांना पोटातच चिकटते आणि मग रक्तात उतरत नाही. दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, आम्लपित्ताचे गुलाबी औषध, यांतले काहीही घ्यायचे असेल तर गोळीनंतर किमान दोन तास किंवा गोळीपूर्वी किमान चार तास अंतर ठेवावे लागते. आता आपल्या घरांत पाहा. सकाळची पहिली गोळी दुधाच्या चहाबरोबर घ्यायची आणि ‘गोळीने उष्णता होते’ म्हणून वरून पेलाभर दूध द्यायचे. महागडी गोळी रोज घेतली जाते, आकडा हलत नाही आणि दोष औषधाला किंवा नशिबाला दिला जातो. रात्रीचे जेवण लवकर उरकून झोपताना, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेणे अनेकांना सोयीचे पडते. मात्र त्या जेवणात ताक-दही नसावे, आणि झोपण्यापूर्वीच्या हळद-दुधाला, सांगलीची हळद कितीही उत्तम असली तरी, त्या काळात सुट्टी द्यावी. या गोळीसोबत यकृताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. आणखी एक, ही गोळी काय किंवा रोमिप्लोस्टिम काय, परिणाम दिसायला आठवडा ते दोन आठवडे जातात. आज नाकातून रक्त येते आहे आणि आज गोळी घेतली, तर आजचे रक्त त्या गोळीने थांबत नाही. उलट आकडा गरजेपेक्षा वर गेला तर गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि कर्करोगात तो धोका मुळातच अधिक असतो, म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारच्या डेंग्यूच्या रुग्णाला देण्याचे औदार्य कोणी दाखवू नये.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध प्लेटलेट्स वाढवत नाही, तर झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. त्याची गंमत अशी की ते तीन प्रकारे देता येते. शिरेतून देता येते, गोळी गिळता येते, आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच औषधाच्या द्रवाने चूळ भरता येते. ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की पाच टक्क्यांचे द्रव होते. ते तोंडात दोन मिनिटे धरून थुंकायचे. पण लघवीतून रक्त जात असेल तर हेच औषध सहसा टाळतात, कारण मूत्रमार्गात गुठळ्या होऊन लघवी अडते. दुकानातून आपल्या मनाने आणण्याचे हे औषध नव्हे. पाळी येणाऱ्या स्त्रियांना त्या काळात पाळी लांबवण्यासाठी हॉर्मोनच्या गोळ्या देतात; आपल्या भगिनी हा विषय पुरुष डॉक्टरांसमोर काढत नाहीत आणि अंगावर काढतात, म्हणून सिस्टरने आपण होऊन विचारले पाहिजे.

तोंडाच्या वाटेवरच एक गोष्ट आपल्या भागापुरती लिहिते. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावतात. तंबाखूचे इतर दुष्परिणाम बाजूला ठेवले तरी, १५,००० प्लेटलेट्स असताना बोटाने हिरड्या घासणे म्हणजे जखम मागून घेणे आहे. जावेने कर्करोगाचे निदान झाल्यावरही मिश्री सोडली नव्हती. तिला कोणी विचारलेच नव्हते, कारण रुग्णालयातील अर्जात ‘तंबाखू खाता का’ असा प्रश्न होता आणि ती तंबाखू खात नव्हती, लावत होती.

चौथा मार्ग गुदद्वाराचा, आणि तो पूर्णपणे बंद ठेवायचा. उलट्या होतात म्हणून तापाची गोळी मागच्या वाटेने देणे, केमोने मलावरोध झाला म्हणून गावात एनिमा देणे, हे प्रकार सर्रास होतात. तेथील अस्तर नाजूक असते, त्याला ओरखडा पडला तर रक्त थांबत नाही आणि पांढऱ्या पेशीही कमी असतील तर जंतू थेट रक्तात जातात. कुंथावे लागू नये म्हणून पोट साफ ठेवणारे पातळ औषध केमोच्या पहिल्या दिवसापासून तोंडाने सुरू करावे, हे डॉक्टरांना विचारून घेणे हाच यावरचा उपाय आहे.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल लिहिले नाही तर वाचक विचारतील. डेंग्यूत प्लेटलेट्स कमी होतात त्या काही दिवसांत आपोआपही वाढू लागतात, त्यामुळे त्या काळात जे काही प्यायले त्याला श्रेय मिळते. केमोत कारखानाच बंद असतो. तो औषधाचा अंमल उतरल्यावर सुरू होतो. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णाला कच्च्या पानांचा, न उकळलेला, पाट्यावर वाटून फडक्यातून गाळलेला रस पाजणे धोक्याचे आहे. जावेच्या घरी परसात पपईचे झाड होते आणि निम्मी पाने उतरवून झाली होती.

तिची हकिगत पुरी करते. त्याच दिवशी अडीच तासांचा प्रवास करून तिला शहरात नेले, एसडीपीची पिशवी चढवली, पायाची सोनोग्राफी झाली, चार दिवसांनी सूज बसू लागली. पुढची फेरी दोन आठवडे लांबली आणि औषधाची मात्रा कमी करावी लागली. एका इंजेक्शनपायी कर्करोगाच्या उपचाराला खीळ बसली, ही मला त्या काळ्यानिळ्या पायापेक्षा अधिक गंभीर गोष्ट वाटते.

माझी मागणी मोठी नाही. हिमोफिलियाच्या रुग्णांजवळ स्नायूत इंजेक्शन देऊ नये असे सांगणारे कार्ड असते आणि गरोदर स्त्रीचे कार्ड तर प्रत्येक उपकेंद्रात वाचले जाते. त्याच धर्तीवर, केमोथेरपी देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो, धर्मादाय असो वा खासगी, घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती मराठीत छापलेले अर्ध्या पानाचे कार्ड द्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांची केमो होते. त्या कागदपत्रांच्या जाडजूड गठ्ठ्यात आणखी अर्धे पान जड होणार नाही. दोन्ही जिल्ह्यांचे शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी एक सामाईक मजकूर तयार करून दिला, तर प्रत्येकाला वेगळा छापत बसावे लागणार नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मासिक सभेत तो एकदा वाचून दाखवता येईल.

तोपर्यंत मी एक केले. जावेच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिले : “केमो सुरू आहे. चालू फेरीची पहिली तारीख ___. या तारखेपासून दहाव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत प्लेटलेट्स कमी असू शकतात. खुब्यात वा दंडात इंजेक्शन देऊ नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन देऊ नये. एनिमा व गुदद्वारातून औषध देऊ नये. आधी सीबीसी करावी. ताप, अंगावर लाल ठिपके, काळी शौच, जोराची डोकेदुखी, कोठूनही रक्त : लगेच या क्रमांकावर फोन.” खाली वॉर्डाचा क्रमांक. तारखेची जागा पेन्सिलने भरते, म्हणजे प्रत्येक फेरीला खोडून बदलता येते.

चौथ्या फेरीत तिला जिन्यावरून घसरून खरचटले, तेव्हा पुतण्याने तिला त्याच डॉक्टरांकडे नेले. धनुर्वाताचे इंजेक्शन त्यांनी सिरिंजमध्ये भरले होते. पुठ्ठा पाहून त्यांनी ते बाजूला ठेवले, जखम धुऊन दाबून बांधली, आधी रक्त तपासायला पाठवले आणि वॉर्डात फोन करून विचारले. आकडा ३१,००० आला. नंतर त्यांनी पुतण्याकडून त्या पुठ्ठ्याचा मोबाइलवर फोटो घेतला.

हे कार्ड छापले तर ते फाइलच्या आत लावू नये. आपल्याकडे रुग्णाची सर्व कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली असतात आणि घाईत पिशवी कोणी उघडत नाही. ते बाहेरून दिसले पाहिजे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका
विटा, ता. खानापूर, जि. सांगली